पंपटोलीची ठण

१

फुलचूर मागं पडलं की डांबरी रस्ता उजवीकडे वळतो. त्या वळणावर दुलीचंद शेठचा पेट्रोल पंप होता आणि पंपाच्या पाठीमागे जी काही घरं होती, त्यांना सगळा मुलूख पंपटोली म्हणायचा. खरं नाव वेगळंच होतं, सातबाऱ्यावर लिहिलेलं, पण ते तलाठ्याशिवाय कोणाच्या लक्षात नव्हतं. मग बायपास झाला, गाड्या तिकडून जायला लागल्या आणि पंप बसला. छपराचे पत्रे गेले, मशीनं उचलून नेली. नाव तेवढं राहिलं, कारण नावाला भंगारात भाव येत नाही.

रुचि पटले तिथं पहिल्यांदा आली ती दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात. पोरगी केशोरीकडची, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाढलेली. नागपुरात भूगर्भशास्त्र शिकली आणि माती-पाणी तपासणाऱ्या एका खाजगी कंपनीत लागली. गोंदियाचं काम निघालं म्हणून फुलचूरला अनुसयामावशीकडे मुक्कामाला आली होती. पंपटोलीच्या विहिरीला वास येतो अशी तक्रार होती. तो वास पंपाच्या जमिनीत पुरलेल्या डिझेलच्या टाकीतून येतो का, एवढंच तिला शोधायचं होतं. म्हणायला एवढंच, पण सगळी टोली त्यावर अडकली होती. टाकी गळते असं ठरलं तर तहसील कचेरीच्या हुकमाप्रमाणे दुलीचंदनं विहीर साफ करून द्यायची आणि तोवर नळ आणून द्यायचा. नाही ठरलं तर तो टाकी भंगारात घालणार, जागा विकणार, आणि टोली तेच पाणी पीत बसणार.

विहीर मुन्नीबाईच्या अंगणात होती. साठीची बाई, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. तिनं रुचिला बसायला बाज दिली, चहा दिला आणि वर ऐकवलं की याआधी दोन साहेब बाटल्या भरून घेऊन गेले, ते अजून गेलेलेच आहेत. नातवाच्या अंगावरचे चट्टे दाखवले. धुण्याला वास, भाताला वास, पाहुण्याला पाणी द्यायची लाज. "सोडून जा म्हनतात सारे," ती म्हणाली. "जाईन कायले? इहीर माह्या सासऱ्यानं खोदली. डिझेल शेठच्या बापाचं असंल, पानी आमचं आहे."

रुचिला ती बाई तिथंच आवडली. तिनं आपलं काम सुरू केलं. कोणी बादली टाकायच्या आधीचं, न ढवळलेलं पाणी तिला हवं होतं, म्हणून पहिलं पाणी किती वाजता शेंदता असं विचारलं. मुन्नीबाई म्हणाली, वाजण्याचं काय सांगू, ठण झालं की उठतो, उठलं की विहिरीवर. आज जरा उशिरानं झालं.

ठण म्हणजे काय, ते तिनं शेजारच्या अंगणात बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवून सांगितलं. तो नत्थूलाल. पंपावर तीस वर्षं कामाला होता. टाकीत किती डिझेल उरलं ते बघायला रोज सकाळी नळीतून एक लांब पितळी रॉड आत सोडायचा असतो आणि किती भिजला ते पाहायचं असतं. तो हळू सोडायचा, असं कंपनीचं सांगणं. नत्थूलाल मात्र वरून टाकून द्यायचा. तळाच्या पत्र्यावर ठण्ण वाजायचं आणि अख्खी टोली उठायची. मग बायाच म्हणू लागल्या, नत्थूभाऊ, जरा जोरात टाका, पोरं शाळेला उठत नाहीत. नत्थूभाऊही खूश. पगार शेठचा आणि मान टोलीचा.

रुचिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोज एकाच जागी रॉड आपटला की तळाचा पत्रा झिजतो, झिजला की भोक पडतं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. अर्ध्या तासात अर्धं काम झालं म्हणून ती शीळ घालतच स्कूटीवर बसली. फुलचूरच्या चौकात यायच्या आत तिनं ब्रेक दाबला. पंप बंद होऊन दोन वर्षं झाली होती. मग आज सकाळी उशिरानं झालं ते काय?

२

शिकलेल्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. गोंदिया जंक्शन जवळच आहे, डबे जोडताना केवढा आवाज होतो. राइस मिल आहेत. टोलीला सवय लागलेली, कुठलाही आवाज आला तरी तिला तो आपलाच वाटणार. रुचिनं हे सगळं मावशीला सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग जाऊन ऐकून ये ना. बसल्या जागी काऊन डोकं शिनवतेस?"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती मुन्नीबाईच्या विहिरीवर पोचली. टोली निजलेली होती. फक्त नत्थूलाल आपल्या बाजेवर बसून दातून चावत होता. त्याला आता फार कमी ऐकू यायचं. रुचिनं हात केला, त्यानंही केला. तिनं बेलर काढला. बेलर म्हणजे तळाला झडप असलेली पारदर्शक नळी, ती दोरीनं पाण्यात सोडतात. विहिरीच्या काठावर वाकून ती पाण्याकडे बघत राहिली. पाण्यावर डिझेलचा पातळ पापुद्रा होता, निळा-जांभळा, आणि तो आरशासारखा निश्चल होता.

ठण.

आवाज मोठा नव्हता. तो मिलच्या दिशेनं आला नाही की स्टेशनाकडूनही नाही. तो तिच्या पायाखालून आला, काठाच्या दगडातून तिच्या तळव्यांना लागला. खाली पापुद्र्यावर एक वर्तुळ उमटलं आणि हळूहळू कडेपर्यंत पसरलं. बेलर अजून पाण्याला टेकलाही नव्हता.

मागं कड्या वाजायला लागल्या. कोणी खोकलं, कोणी पोराच्या नावानं ओरडलं, एका घरातून चुलीचा धूर निघाला. मुन्नीबाई केस बांधत बाहेर आली. आज वेळेवर झालं, म्हणाली, आणि बादली उचलली.

नत्थूलाल बाजेवर दातूनच चावत होता.

रुचि तडक पंपावर गेली. टाकीच्या नळीचं झाकण गंजलेलं, त्याला कुलूप, कुलुपावर कोळ्याचं जाळं आणि जाळ्यात वाळलेली माशी. मग तिनं बाटलीवर तारीख घातली, पाणी भरलं आणि बकारामला फोन लावला. भीती वाटली म्हणून काम थांबवायचं, तर धानाच्या बांधीतल्या सापाला भिऊन घरात एकही पोतं आलं नसतं.

३

बकाराम हा तिचा भोकं पाडणारा गडी. मोठ्या स्क्रूसारखं हातानं फिरवायचं ऑगर घेऊन तो चार फूट उकरायचा, माती वर काढायचा आणि गाणी म्हणायचा. टाकीपासून विहिरीपर्यंत एका ओळीत भोकं घ्यायची, प्रत्येकातली माती हुंगायची, बरणीत भरायची, असा बेत होता. वरची माती स्वच्छ निघाली. खाली पिवळा चिकण लागला की वास यायचा. टाकीजवळ जास्त, विहिरीकडे जाताना थोडा कमी, पण तुटत कुठंच नव्हता. वाट स्पष्ट होती. टाकीतून निघालेलं डिझेल उतारानं सरळ मुन्नीबाईच्या विहिरीत जात होतं. रुचिला आनंद झाला. नंतर त्या आनंदाची लाज वाटली, पण झाला हे खरं.

टाकीच्या अगदी लगतच्या भोकात बकारामचं गाणं थांबलं. ऑगर अडत नाही म्हणाला. दाबायची गरजच नाही, आपोआप जातं. खाली पोकळ असेल, रुचि म्हणाली, पाइपाचा जुना चर असेल. त्यानं मान हलवली, ऑगर वर काढलं आणि तिथं परत घातलं नाही. त्या दिवशी त्यानं पुढं गाणंही म्हटलं नाही.

दुपारी उन्हानं जीव नकोसा झाला तेव्हा ती मुन्नीबाईच्या पडवीत बसली. नत्थूलालही काठी टेकत आला. तिनं त्याच्या कानाशी जाऊन विचारलं, रॉड टाकल्यावर कधी वेगळं काही वाजायचं का? म्हाताऱ्याला प्रश्न आवडला. आपल्या कामाबद्दल त्याला बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. आधी साधा पत्रा वाजायचा, तो म्हणाला. मग दहा-बारा वर्षांनी दोनदा वाजू लागलं. एकदा आपलं, आणि एकदा जरा थांबून. घुमत असेल असं समजून त्यानं सोडून दिलं. पण एक दिवससुद्धा चुकला नाही, ताप असला तरी आला, हे त्यानं दोनदा सांगितलं.

मुन्नीबाई तांदूळ निवडत होती. हात न थांबवता ती बोलली.

"तुह्या दारावर कोनी तीस वर्सं रोज सकाळी ठोकलं, तर एखाद्या दिवशी तू उठशीलच ना वं पोरी, दार खोलाले?"

रुचि हसली. कोणीच हसलं नाही म्हणून तिचंही हसू गेलं. ही सगळी माणसं हे कधीपासून जाणून होती, आणि रोज त्याच आवाजानं उठून त्याच पाण्याला बादली लावत होती. तिला त्यांचा राग आला. मुन्नीबाईला भीती नाही वाटत का, असं तिनं विचारलं. वाटते ना, ती म्हणाली. पण भीती वाटली तरी सकाळ होतेच, आणि पोराले डबा लागतोच.

४

टाकी उघडायला दुलीचंद शेठ स्वतः आला. पांढरा सफारी, हातात दोन फोन, गोड बोलणं. गाडीतून लाडूचा डबाही आणला होता. टाकी केव्हाच रिकामी केली आहे, तो म्हणाला, वास येतो तो या लोकांच्या मोटारपंपाचा. "मॅडम, आप तो अपने ही समाज की हो. घरकी बात है." रुचिनं लाडू घेतला नाही. घरची गोष्ट असेल तर घरचं पाणी प्या, असं तिच्या अगदी तोंडावर आलं होतं.

कुलूप करवतीनं कापावं लागलं. झाकण उघडलं तसा कोंडलेला वास वर आला. पंपाच्या पडक्या केबिनमध्ये नत्थूलालचा रॉड अजून भिंतीला टेकून उभा होता, माणसाच्या दीडपट लांब, पितळ काळं पडलेलं. त्यावर एक लाल पट्टा होता. रॉड तळाला टेकला की हा पट्टा नळीच्या तोंडाशी येतो, असं नत्थूलालनं समजावलं होतं.

रुचिनं हातमोजे चढवले आणि रॉड सोडला. हळू, पुस्तकात लिहितात तसा. लाल पट्टा नळीच्या तोंडाशी आला. तिनं कान दिला. काही वाजलं नाही. पट्टा नळीत शिरला, दिसेनासा झाला, आणि रॉड खाली जातच राहिला.

"बघा शेठ," ती म्हणाली. "तळ नाही टाकीला. भोक आहे."

शेठ काही बोलणार तेवढ्यात तिच्या हातातलं वजन गेलं. रॉड पडला नव्हता, तो अजून तिच्या मुठीत होता. पण जड पोतं उचलताना पलीकडून कोणी हात दिला की आपला हात जसा हलका होतो, तसा तो झाला. खालून कोणीतरी तो धरला होता. ओढत नव्हतं, ढकलत नव्हतं. नुसतं धरलं होतं, आणि वाट पाहत होतं.

तिनं मूठ आवळली. ओरडली नाही, सोडलाही नाही. घाम डोळ्यांत गेला. चिखलात रुतला असेल, तिनं स्वतःला सांगितलं. चिखल धरतो. पण चिखल तोलत नाही, हेही तिला ठाऊक होतं. मग शेठनं मागून तिच्या खांद्याला हात लावला, क्या हुआ विचारलं, ती दचकली आणि तेलकट हातमोज्यातून रॉड निसटला.

एवढा मोठा पितळी रॉड खाली गेला आणि त्याचा आवाज झाला नाही. ती नळीला कान लावून बसून राहिली, शेठ घड्याळ बघू लागला तरी बसून राहिली. काही म्हणता काही वाजलं नाही.

५

वाजलं ते दुसऱ्या सकाळी. टोलीत त्या दिवशी कोणी रोजच्यासारखं उठलं नाही. सगळे धडपडत उठले. आवाज इतका स्वच्छ कधी आला नव्हता. तो पितळेचा आवाज होता आणि नत्थूलालनंसुद्धा तो ऐकला. म्हातारा बाजेवरून उतरून अंगणाच्या मधोमध उभा राहिला. "माहाच रॉड आहे," तो म्हणाला, आणि रडायला लागला.

रुचि पोचली तेव्हा विहिरीभोवती बाया जमल्या होत्या. पाण्यावर आता पापुद्रा नव्हता, बोटभर जाड थर होता. भोकात बसलेला गाळ रॉडनं मोकळा केला होता आणि टाकीत राहिलेलं होतं नव्हतं ते सगळं रात्रीतून खाली आलं होतं. मुन्नीबाईनं बादली उपडी घालून तिच्यावर दगड ठेवला होता. त्या दिवशी पंपटोलीत चूल पेटली नाही.

आपण रॉड सोडला म्हणून हे झालं, हे रुचिला कळत होतं, आणि ते तिला फार लागलं. तिनं तसं मुन्नीबाईला सांगितलंही. मुन्नीबाई म्हणाली, आता रडून काय करतेस, टाकी काढ. तेवढं बोलून ती रिकामी घागर घेऊन फुलचूरच्या नळाकडे चालू लागली आणि तिच्यामागून बाकीच्या.

दुलीचंदलाही टाकी काढायचीच होती, आणि लवकर. त्याचा फोन आला. उद्या क्रेन लावतो, तो म्हणाला, खड्डा बुजवतो, वरून काँक्रीट मारतो, तुम्ही रिपोर्टमध्ये जुना ओलावा लिहा आणि विषय संपवा. त्यातच तुमचंही भलं आहे, तिथं काय आहे ते कशाला उकरायचं. शेवटचं वाक्य तो हळू आवाजात बोलला. रुचिला कळलं की त्यालाही माहीत होतं, पंप चालू होता तेव्हापासून.

"क्रेन लावा," ती म्हणाली. "पण मी आल्याशिवाय खड्ड्यात मातीचा एक कण पडायचा नाही."

६

टाकी वर आली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. काळी, लांबलचक, मातीनं माखलेली. क्रेननं ती ओंडक्यांवर ठेवली. अख्खी टोली बघायला आली होती, रस्त्यावरचे लोकही थांबले होते. रुचि वाकून टाकीच्या खाली गेली. नळीच्या बरोबर खाली, जिथं असायला हवं तिथंच भोक होतं, वाटीच्या तोंडाएवढं. तिनं टॉर्च मारला आणि फोटो काढायला कॅमेरा उचलला. मग कॅमेरा खाली घेतला.

वरून रॉड आपटून पत्रा फाटला असता तर त्याच्या कडा बाहेर, खाली वळल्या असत्या. या कडा आत वळल्या होत्या. पत्रा फुलासारखा टाकीच्या आत उमलला होता. सगळ्या पाकळ्यांवर ठोके होते, लहान लहान, दाटीनं, एकावर एक, बरीच वर्षं कोणीतरी खालून दिलेले.

शेठही वाकला. माणूस धंद्यातला, त्याला घाबरायला एक क्षण लागला आणि हिशेब जमवायला दुसरा. तो उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

"देखो मॅडम, बाहेरसे ठोका है. किसीने जानबूझके किया. इसमें मेरी क्या गलती? हेच लिहा. मी कुठंही सांगायला तयार आहे."

आणि खरंच, त्यात त्याची सुटका होती. जे रुचि कोणाला सांगू धजली नसती, ते तो छातीठोकपणे सांगणार होता, कारण त्यात त्याचा फायदा होता. चोर तो चोर, वर शिरजोर. तिच्या मागं टोली उभी होती. सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मुन्नीबाई तर डोळ्याची पापणीही लववत नव्हती.

"भोक कोणी पाडलं ते मला नाही ठाऊक," रुचि म्हणाली. "डिझेल कोणाचं, ते ठाऊक आहे. टाकी तुमची, गळली तुमची, दोन वर्षं कुलूप घालून ठेवली तुम्ही. मी तेवढंच लिहिणार आहे, आणि तेवढं पुरे आहे."

शेठनं दोन्ही फोन खिशात घातले. कुठं कुठं फोन लावता येतील याची त्यानं एक यादी ऐकवली. ती ऐकत उभी राहिली.

७

लोक टाकीभोवती होते. खड्ड्याकडे कोणी बघत नव्हतं. तळाची माती भरायला रुचि शिडीनं उतरली, तोंडाला मास्क लावून, आणि काठावर मुन्नीबाई बसून राहिली. खाली गारवा होता. वरचा गोंगाट एकदम लांब गेला.

पिवळ्या चिकणात, भोकाच्या बरोबर खाली, एक बीळ होतं. अगदी गोल, सरळ, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. रॉड त्यात उभा होता आणि त्याचं टोक वीतभर वर आलं होतं. बीळ किती खोल आहे ते दिसत नव्हतं, आणि तिनं टॉर्च मारला नाही.

ती बघत असताना रॉड वर उचलला गेला.

हळू. आणखी एक वीत वर आला आणि थांबला. तिथं टाकीचा पत्रा असायला हवा होता. रॉड जरा डावीकडे झुकला, जरा उजवीकडे, आंधळा माणूस काठीनं उंबरठा चाचपतो तसा. पत्रा सापडेना. मग तो पुन्हा वर सरकला, आणि आता त्याच्या खालोखाल, बिळाच्या तोंडाशी, अंधारात रॉडवर काहीतरी वेटाळलेलं दिसलं. फिकट होतं. तिला बोटं म्हणायची नव्हती. ती आजही म्हणत नाही.

वर मुन्नीबाईनं श्वास आत ओढला. तिनंही बघितलं होतं.

पळायला शिडी हाताशी होती. वर जाऊन माती लोटा म्हटलं असतं तर शेठनं आनंदानं लोटली असती, काँक्रीट पडलं असतं आणि विषय संपला असता. उद्या सकाळी टोली पुन्हा ठणवर उठली असती, त्याच विहिरीवर गेली असती. रुचिला एकाएकी इतका राग आला की भीतीला जागाच उरली नाही. वर एक बसला होता पाणी नासवून, आणि हा दुसरा खाली. तिनं दोन्ही हातांनी रॉड धरला.

खालून ओढ आली. तिनं पाय रोवले. पुन्हा ओढ आली, तेव्हा तिचे गुडघे चिकणात गेले.

"सोड," ती म्हणाली. केशोरीच्या बोलीत, घरच्या बैलाशी बोलावं तसं. "कोनी बोलावलं नाई तुले. ठोकलं ते चुकून ठोकलं. सोड म्हनतो ना."

बराच वेळ काही झालं नाही. मग वजन आलं, सगळं एकदम, आणि ती रॉडसकट मागं पडली. बिळातून थंड हवा आली, एकदाच, कोणी तोंड मिटावं तशी थांबली. मुन्नीबाई शिडी उतरून कधी खाली आली ते रुचिला कळलं नाही. तिनं पदरात आणलेला मातीचा लोळा बिळात घातला, पायानं दाबला, दुसरा घातला. दोघींनी मिळून ते तोंडापर्यंत बुजवलं.

८

रॉड पुरावा होता. सकाळी कचेरीत रिपोर्टबरोबर द्यायचा म्हणून बकारामनं तो पिकअपमधून फुलचूरला आणला आणि मावशीच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकवून उभा केला. रुचि गच्चीवर मेल्यासारखी झोपली.

तिला जाग आणली ती मुन्नीबाईच्या फोननं. बाई हसत होती. अख्खी टोली झोपून राहिली होती, ऊन तोंडावर आलं तेव्हा उठली. पोरांची उन्हाळी शिकवणी बुडाली, दूधवाला हाका मारून परत गेला. नत्थूलाल अजून घोरत आहे. आणि काल संध्याकाळीच नळाचा पाइप टाकायला पंचायतीची माणसं मोजमाप घेऊन गेली. "तेवढा कागद दे तू," ती म्हणाली. "मंग पाहू शेठ कोनाले फोन लावते ते."

रुचि खाली आली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पडवीत पाट घेतला, मांडीवर रिपोर्ट घेतला, शेवटचं पान तेवढं उरलं होतं. अनुसयामावशी चहा घेऊन आली.

"पहाटं काय आपटून राहिली होतीस वं?" मावशीनं विचारलं. "झोप मोडली माही."

रुचिनं कपाकडे बघितलं. मग रॉडकडे. तो ठेवला होता तिथंच होता, भिंतीला टेकून. त्याच्या टोकाखाली सिमेंटच्या कोब्याला एक खळगा पडला होता, ताजा, बाजूला पांढरी भुकटी. काल तो नव्हता. ती उठली, रॉड भिंतीपासून काढला आणि जमिनीवर आडवा ठेवला. मग परत येऊन बसली आणि लिहू लागली. टाकीच्या तळाला भोक आढळले. मातीतून विहिरीपर्यंत डिझेलचा सलग माग आढळला. याची जबाबदारी टाकीच्या मालकाची आहे.

खालून वाजलं.

रॉड आडवा पडलेला होता, त्याचा हा आवाज नव्हता. हा कोब्याचा होता, दबका, अगदी अदबीनं केलेला. एकदा वाजून थांबला.

"कोन आलं सकाळी सकाळी," मावशी म्हणाली आणि पदर सावरत पुढच्या दाराकडे निघाली.

"बस मावशी," रुचि म्हणाली. "दारात कोनी नाई."

मावशी थांबली. रुचिनं पाट जरा पुढं ओढला आणि उजवी टाच त्या खळग्यावर ठेवली, सगळा भार देऊन. टाचेखाली पुन्हा वाजलं. ते तिला हाडापर्यंत लागलं. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि खाली आपलं नाव पूर्ण लिहिलं, वळणदार, एकही अक्षर न बिघडवता.

"वाजव," ती खाली बघून म्हणाली. "लागंल तेवढं वाजव. मी काई उठत नाई."